मावशीची सवत

लोकांच्या ताटात काय वाढलंय हे बघणारी माणसं उभ्या यवतमाळ जिल्ह्यात खंडीभर सापडतील; ताटात काय उरलंय हे बघणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच नात्यात निघाला. माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. लग्नाला गेले की नवरानवरीकडे ढुंकूनही न बघता ते सरळ मांडवाच्या मागच्या अंगाला जात आणि जिथे पाहुणे उष्टी ताटं टाकतात तिथे खुर्ची ओढून बसत. अनोळखी माणसाला वाटे, हा कोणीतरी रुसलेला पाहुणा असावा. एकदा मारेगावच्या एका लग्नात तर मुलीचे वडील बिचारे हात जोडून त्यांची समजूत काढायला आले, मानपानात काही कमी पडलं का म्हणून विचारू लागले. मावसाजी म्हणाले, कमी काही नाही, मठ्ठ्यात मीठ तेवढं जास्त पडलंय, अर्धे पेले तसेच परत येताहेत. पंगती आटोपल्या की ते कॅटररला बाजूला घेत आणि घरून आणलेला एक झाकणाचा डबा त्याच्यापुढे धरत. त्यात उरलेला भात, पोळीचे तुकडे, वरण. एकच डबा. कॅटरर हौसेने आख्खा टोप न्या म्हणायचा, तर हे मान हलवायचे आणि सांगायचे, त्याला झेपत नाही, त्याची तब्येत नाजूक आहे. कॅटररला वाटायचं, घरी अंथरुणाला खिळलेला भाऊ असेल. एका भल्या माणसाने तर वरून दोन केळी घातली होती.

‘त्याला’ म्हणजे टाकीला. मावसाजींच्या घरामागे, धुण्याचा दगड आणि जास्वंदीचं झाड यांच्या मधोमध, एक काळी प्लास्टिकची टाकी होती आणि तिच्यात तिच्याहून जराशी लहान अशी दुसरी टाकी पालथी घातलेली होती. खालच्या टाकीत शेणाचा काला. त्यात रोज सकाळी मिक्सरमधून फिरवलेलं खरकटं पाणी घालून ओतायचं. ते आत हवा न लागता कुजतं, त्यातून गॅस निघतो, गॅस साचला की पालथी टाकी हळूहळू वर उचलली जाते, आणि पाइपातून तो गॅस स्वयंपाकघरातल्या शेगडीत येतो. खरं तर एवढंच. पण ‘कुजतं’ हा शब्द मावसाजींसमोर उच्चारायची सोय नव्हती. कुजत नाही, पचतं, असं ते ठणकावून सांगत. टाकी नव्हतीच ती त्यांच्या लेखी. ते पोट होतं. तुम्ही त्यांना तब्येत कशी आहे विचारलं, की ते टाकीची तब्येत सांगत. काल जरा जड झालं होतं, आज हलकं वाटतंय, रंग चांगला आहे, वास नाही. नवख्या माणसाचा घोटाळा व्हायचा. आमच्या जावेच्या वडिलांनी त्यांना एकदा मनापासून इसबगोल सुचवलं होतं.

पोट म्हटल्यावर पथ्यही आलंच. लोणचं नाही, लिंबू नाही, कांद्याची सालं नाहीत, हाडूक तर बिलकुल नाही. महिन्यातून एकदा चतुर्थीला मावसाजी कळंबच्या चिंतामणीला जायचे, त्या दिवशी यांना उपास आणि टाकीलाही उपास. लंघनासारखं औषध नाही म्हणायचे. आसपासची घरं रोज आपलं शिळंपाकं आणून देत, त्यात शेजारच्या बाईंनी एकदा वाटीभर पिळलेली लिंबं टाकली. मावसाजींनी ती चिमट्याने एकेक वेचून काढली, स्वच्छ धुतली, आणि संध्याकाळी त्यांची वाटी परत करताना तिच्यात घालून नेऊन दिली. भांडं रिकामं परत करू नये, अशी आपल्यात रीत आहे म्हणाले. बाई बरेच दिवस बोलत नव्हत्या.

मावशीने या टाकीला पहिल्या दिवसापासून सवत ठरवलं होतं. ‘माह्या सवतीचं जेवण झालं काय?’ असं ती रोज सकाळी स्वयंपाकघरातून विचारायची, आणि मावसाजीही तितक्याच गंभीरपणे, झालं, असं उत्तर द्यायचे. हिवाळ्यात गॅस कमी होतो. म्हणून आमच्याकडची थंडी सुरू झाली की आंघोळीचं पहिलं ऊन पाणी टाकीला, दुसरं मावशीला. एका पौषात तर त्यांनी मावशीची स्वतःची गोधडी टाकीला गुंडाळली. मावशीने आल्यागेल्या प्रत्येकाला मागे नेऊन ती गोधडी दाखवली, आणि प्रत्येकाला दाखवताना मनमुराद हसली. हसता हसता तिला खोकला यायचा, मग जास्वंदीला धरून ती थोडा वेळ उभी राहायची.

तो खोकला राजूरचा. मावसाजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. बदल्या होत होत राजूरला गेले. तिथे कोळशाची खाण. ज्याच्या त्याच्या घरी कोळशाची शेगडी. मावसाजीच सायकलवरून पोतं आणायचे आणि मावशी त्या धुरात दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. पुढे सिलिंडर आला, बदली झाली, यवतमाळात घर झालं, पण खोकला तिच्याबरोबर सामानासारखा आला तो आलाच. निवृत्तीनंतर मावसाजी वर्धेकडे कुठल्याशा शिबिराला गेले असता तिथे त्यांनी खरकट्यावर चालणारी ही शेगडी बघितली. निळी ज्योत, ना धूर ना काजळी. इतर लोक माहिती ऐकून चहाला गेले, हे त्या ज्योतीपुढे बसून राहिले. घरी येऊन त्यांनी मागचं पेरूचं झाड तोडलं आणि तिथे टाकी बसवली. सिलिंडरचीही ज्योत निळीच असते, तिलाही धूर नसतो, असं मी एकदा त्यांना म्हटलं होतं. तेव्हा ते पाइपवरची धूळ पुसू लागले.

‘राजूरले तिच्या छातीत कोळसा म्याच भरला, बाई,’ ते म्हणाले. ‘पोत्यानं आणून भरला. सिलिंडर बाहेरून येते. हा जाळ तिच्या ताटातला आहे.’

 मी चहा मागितला. त्या शेगडीवरचा चहा म्हणजे एक प्रकरण होतं. उन्हाळ्यात ठीक, पण थंडीत ज्योत इतकी मवाळ, की चहाला आलेला माणूस जेवूनच जायचा. आणि सिलिंडरवर ठेवू का असं मावशीने म्हटलेलं मावसाजींना खपायचं नाही. टाकीची तोटी, पाइप, जोडण्या हे सगळं पुढच्या चौकातल्या गॅरेजवाल्या भाईंचं काम. ते मावसाजींना बडे बाबू म्हणत आणि दर जुम्म्याला नमाज आटोपली की तोटी तपासून जात. असं करता करता त्यांनाही नाद लागला आणि त्यांनी आपल्या घरी टाकी बसवली. नव्या टाकीला जुन्या टाकीतला काला लागतो, दुधाला विरजण लागतं तसा. मावशीने तो बादलीभर काढून दिला, पण देताना बादलीला हळदकुंकू लावलं आणि वर जास्वंदीचं फूल ठेवलं. सवत झाली तरी तिची लेक पाठवणीला निघालीय, हात हलवत कशी पाठवू, म्हणाली. भाईंनीही ती बादली स्कूटरच्या मागे न बांधता हातात धरून पायी नेली. तेव्हापासून ईदला शीरखुर्मा खायला जाताना मावसाजी आधी मागच्या दाराने भाईंची टाकी बघून येत आणि मग समोरच्या दाराने पाहुणे म्हणून आत शिरत.

या माणसाला टाकीची उंची वाचता यायची, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आज घातलेलं उद्या दिसतं. पालथी टाकी किती वर आली हे ते जास्वंदीवरून मोजत. रोजच्या बादलीवर ती दुसऱ्या फांदीपर्यंत येई, कधी पहिलीशीच अडून राही. सालीपाल्याने ती फारशी हलत नसे, आख्खं शिजलेलं ताट पडलं की मात्र तरारून वर येई. त्यावरून आणि आलेल्या डब्यावरून ते गल्लीतल्या घरांची कुंडली मांडत. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची भाजी खारट झाली, कोणाचं पोरगं परीक्षेच्या धास्तीने जेवेनासं झालं. माझ्या डब्यात एकदा न मोडलेल्या पोळ्या गेल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हा दोघांचं काही बिनसलंय का. बिनसलं होतं. त्यानंतर मी पोळ्या कुस्करून पाठवू लागले, पण त्यांना तेही कळायचं. ते स्वतः मात्र ताटात शीत ठेवत नसत. जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटाने फिरवून ते पिऊन टाकत. टाकीसाठी अन्न उरवायचं नसतं, उरलेलं टाकीला द्यायचं असतं, यात फरक आहे असं ते म्हणत. मावशीला ती धुवणी पिणं बिलकुल आवडत नसे. सवतीला पाणी तरी ठेवा, म्हणायची.

मग मावशीचा श्वास आखडू लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून फुप्फुसं कशी आक्रसलीत ते दाखवलं, औषधं दिली, आणि मावसाजींना बाहेर बोलावून, आता खाण्यापिण्याकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगितलं. हे वाक्य त्यांनी शब्दशः घेतलं. जन्मात कधी स्वयंपाकघरात न शिरलेला माणूस कण्या शिजवायला शिकला, मऊ भात, पातळ वरण, लसणाची फोडणी शिकला. सगळं त्या निळ्या ज्योतीवर. मग ताट घेऊन मावशीसमोर बसायचे. घे, अजून एक घास घे, वरण जास्त घे, माझ्यासाठी घे. आम्ही नातलगही काही कमी नव्हतो. जो येई तो काहीतरी करून आणी आणि तिच्या तोंडाशी धरी. आपल्याकडे प्रेम करायची दुसरी तऱ्हा कोणाला ठाऊक आहे? तिला घास चावतानाही धाप लागायची. शेवटी ती एक दिवस मावसाजींना म्हणाली, तुम्ही समोर बसलात की मला घास उतरत नाही, ताट ठेवा आणि ओसरीत जाऊन पेपर वाचा. मावसाजी गेले. परत आले तर ताट लख्ख. त्या दिवशी त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. जेवली, सगळं जेवली, ताटात शीत ठेवलं नाही. रोज तसेच फोन. आम्हालाही बरं वाटू लागलं, फक्त मावशी दिवसेंदिवस वाळत का चाललीय हे कळत नव्हतं.

एकदा मी दुपारची गेले, तर ओसरीत मावसाजी पेपर धरून बसलेले. मला हातानेच थांब म्हणाले, ती जेवतेय म्हणून. मी कसली थांबते, बाजूच्या बोळातून मागे गेले. मावशी भिंतीला धरून, एका हातात ताट सांभाळत टाकीकडे चालली होती. मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, पुढे सरकायची. टाकीच्या खरकटं ओतायच्या नळकांड्यात तिने सगळं ताट रिकामं केलं, तिथल्या मगातल्या पाण्याने विसळलं, आणि पालथ्या टाकीवर हात टेकून उभी राहिली. मला पाहिल्यावर ती दचकली नाही. नुसती थकलेली दिसली.

‘त्याईले सांगू नको, पोरी,’ म्हणाली. ‘ताट भरलेलं पाह्यलं का त्याईचं तोंड पाहवत नाही.’

मी सांगितलं नाही. पण जाताना मावसाजी मला मागे घेऊन गेले, टाकी दाखवायची म्हणून. आलेल्या माणसाला टाकी दाखवणं हा त्यांचा शिरस्ताच होता. ऐन थंडीचे दिवस. टाकी तिसऱ्या फांदीच्याही वर आलेली. मी टाकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक घराचा घास न घास वाचणारा हा माणूस. त्याच्यापासून त्याच्याच घरातलं ताट लपणार होतं?

‘हिवाळ्यात एवढा गॅस होत नसते, बाई,’ ते हळूच म्हणाले. ‘मले पह्यल्याच दिवशी समजलं. तिले बोलू नको. माह्यासाठी दमत दमत इथवर येते. तेवढीच चालते तरी.’

तेव्हा मला बाकीचं दिसलं. धुण्याच्या दगडावरचं शेवाळ घासून काढलेलं होतं. टाकीशेजारी एक स्टूल आणून ठेवलं होतं. मगात पाणी भरून ठेवलं होतं. दारापासून टाकीपर्यंत भिंतीला हाताशी लागेल अशी दोरी बांधली होती, वर कपडे वाळत घातलेले, म्हणजे ती धरायची दोरी वाटू नये. गल्लीतले सगळे डबे त्यांनी केव्हाच बंद केले होते. टाकीला अजीर्ण झालंय, असं सांगून. स्वतःची सकाळची बादलीही अर्ध्यावर आणली होती, कारण दुपारचं ताट येणार हे धरून चालायचं, नाही तर पोट आंबेल. एका बाजूने ते तिच्यासाठी कण्या शिजवत होते आणि दुसऱ्या बाजूने त्या कण्या टाकीला झेपाव्यात म्हणून टाकीला उपाशी ठेवत होते. असला संसार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. संध्याकाळी मावशी म्हणायची, आज सवत खुशीत दिसते, ज्योत मोठी आहे. मावसाजी म्हणायचे, हो, आणि तूही आज मस्त जेवलीस. मी दोघांच्या मध्ये बसून चहा प्यायचे आणि दोघांचाही मला भयंकर राग यायचा. घरी जाऊन मी रडायचे.

मग ती उठेनाशी झाली. ताट भरलेलं परत येऊ लागलं, उघड उघड. ते टाकीत ओतणं मावसाजींच्याने होईना. पलीकडच्या गोठ्यात गाईपुढे ठेवून येत. टाकी खाली खाली जात काल्याला टेकली. माघाच्या शेवटी मावशी गेली. त्या दिवशी आल्यागेल्याचा चहा सिलिंडरवर झाला आणि मावसाजी त्याबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून आम्ही सगळेच हादरलो.

तेरवीला सकाळपासून अवकाळी पाऊस. लांबची माणसं येऊ शकली नाहीत, आणि स्वयंपाक तर सगळ्यांच्या हिशेबाने झालेला. भात, कढी, आलूवांग्याची भाजी, वडे, बुंदी, टोपच्या टोप उरलं. पुढच्या खोलीत थोरली माणसं मावसाजींना दुखवट्याचे कपडे देत होती. मागे आमचे भाऊ, दीर, माझा नवरा, अशी सगळी कर्ती पुरुषमंडळी उरलेल्या अन्नाभोवती उभी राहिली, आणि त्यांतल्या कोणाला तरी सुचलं, की आयुष्यभर हा माणूस अन्न वाया जाऊ नये म्हणून लोकांच्या दारोदार फिरला, आज त्याच्याच घरचं गटारात कसं घालायचं? आणि मावशीच्या सवतीलाही तेरवीचं जेवण मिळायला नको का? सगळ्यांना भरून आलं. बादलीवर बादली टाकीत गेली. भात गेला, आंबट कढी गेली, बुंदी गेली. माझ्या नवऱ्याने तर काठीने ढोसून ढोसून बसवलं, आणि नंतर हात जोडून नमस्कार केला. त्यांना वाटलं, सकाळी मावसाजी टाकी जास्वंदीच्या शेंड्याला टेकलेली पाहतील आणि दोन घटका तरी बरं वाटेल त्यांना.

सकाळी मागचं अंगण फेसाने भरलं होतं. आंबट, नासका वास थेट रस्त्यापर्यंत. शेगडीची तोटी उघडली की फुस्स आवाज यायचा, पण काडी लावली की काडीच विझायची. ज्या माणसाने वाटीभर लिंबांसाठी शेजारणीशी भांडण घेतलं, तो आता काय करील, म्हणून सगळी कर्ती मंडळी रांगेने खाली माना घालून उभी. मावसाजींनी टाकीत बोट बुडवलं, हुंगलं, आणि धुण्याच्या दगडाशी हात धुतले.

‘प्रेमानंच घातलं तुम्ही,’ ते म्हणाले. ‘पण भूक पाहून घालावं लागते.’ मग स्टुलावर बसले आणि टाकीकडे पाहत म्हणाले, ‘म्या तरी काय केलं. घे, घे, करत राह्यलो.’

त्या दिवशी ते कोणावर रागावले असते तर फार बरं झालं असतं.

टाकी तशीच पडून राहिली. मावसाजी मागचं दार उघडेनात. शेवटी एका जुम्म्याला गॅरेजवाले भाई तोटी तपासायला म्हणून आले, आणि येताना त्यांच्या हातात झाकलेली बादली. आपल्या टाकीतला काला. बडे बाबू, भाभीजींनी हळदकुंकू लावून पाठवली होती ती लेक माहेरपणाला आणलीय, असं काहीसं ते म्हणाले, आणि मावसाजींच्या उत्तराची वाट न पाहता कामाला लागले. आंबलेला काला निम्म्याहून जास्त उपसून खड्ड्यात घातला, चुन्याचं पाणी ओतलं, वरून बादली रिकामी केली. मावसाजी स्टुलावर बसून बघत होते. भाई निघाले तेव्हा मावसाजी म्हणाले, आता काही दिवस त्याला उपाशी ठेवायचं, आणि मग थोडं थोडं. तेवढं बोलले म्हणून भाईंनी मला मुद्दाम गॅरेजपाशी थांबवून सांगितलं.

आता एप्रिल चालू आहे. ऊन असं की सकाळी दहाला रस्ता ओस पडतो. मी दर रविवारी जाते. मावसाजी एकटेच असतात. गल्लीतले डबे त्यांनी पुन्हा सुरू केले नाहीत, परत सांगायला आता कुठे फिरू म्हणतात. मी विचारते, जेवलात का. ते म्हणतात, जेवलो न मस्त. ताट धुऊन पालथं घातलेलं असतं, स्वयंपाकघर आवरलेलं, विचारायला जागा नसते. मागच्या रविवारी शिरस्त्याप्रमाणे त्यांनी मला टाकी दाखवायला नेलं. जास्वंद फुलली होती. टाकी तिसऱ्या फांदीच्या वर आलेली.

मी टाकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. सदरा खांद्यावरून उतरलेला. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलेलं. एकट्या माणसाचं काय उरणार, आणि ताट धुऊन पिणाऱ्या माणसाचं तर काहीच उरायला नको. टाकी वाचायला त्यांनीच शिकवलेलं होतं मला. या घरात एकमेकांसाठी गप्प बसायची रीत पुष्कळ झाली असं मला वाटलं, आणि जोराचा राग आला. तेव्हा दोघांचा आला होता तसाच.

मी आत जाऊन शेगडी पेटवली. ज्योत भप्पकन मोठी झाली, निळी, स्वच्छ. कण्या ठेवल्या, लसणाची फोडणी दिली, दोन ताटं वाढली. मावसाजी दारात येऊन उभे राहिले. तू तर घरून जेवून येतेस, म्हणाले.

‘एका माणसाच्या उष्ट्यावर टाकी तिथवर जात नसते, मावसाजी,’ मी म्हटलं.

 ते दाराची कडी नुसतीच वाजवत राहिले. मग पाटावर येऊन बसले, ताट जवळ ओढलं, आणि जेवू लागले. घास घ्या म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी आपलं आपल्या ताटाकडे बघत राहिले. माझं पोट भरलेलंच होतं, तरी त्यांच्याबरोबर मीही जेवले. निम्म्याच्या वर त्यांनी खाल्लं. मग थांबले, उरलेलं बोटाने ताटाच्या एका कडेला गोळा केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘राहू द्या,’ मी म्हटलं.

‘तिच्या सवतीले लागते थोडसं,’ ते म्हणाले. ताट उचलून, ती कपड्यांची दोरी धरत धरत ते मागे गेले. जरा वेळाने मगातल्या पाण्याने ताट विसळल्याचा आवाज आला.